देवाचा आदर कोणी करायचा?

मुंबईतल्या काही चर्चच्या दाराशी अलीकडे फलक दिसतात. बिनबाह्यांचे कपडे नकोत, आखूड स्कर्ट नकोत, नवरीच्या गाऊनचा गळा खोल नको. खाली लिहिलेलं असतं, देवाच्या घराचा मान राखा. फलक लावणाऱ्यांच्या हेतूवर मी शंका घेत नाही. उपासनेतला आदर ओसरत चाललाय ही त्यांची तक्रार खरी आहे आणि मलाही ती तितकीच टोचते. पण त्या फलकावरचं एकेक वाक्य वाचा. सगळी वाक्यं दुसऱ्याला उद्देशून आहेत, आणि त्यातली बहुतेक बायकांना. देवाचा आदर ही ज्याची त्याने स्वतःच्या देहाने करायची गोष्ट आहे आणि मंडळीने, म्हणजे चर्चच्या सगळ्या सभासदांनी, मिळून करायची गोष्ट आहे. ती दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. हे मान्य केलं तर सुरुवात दारापासून होत नाही. ती पुढून होते, वेदीपासून, पाळकापासून, माझ्यासारख्या रोज येऊन बसणाऱ्यांपासून.

कपड्यांवरून सगळ्यात जास्त बोललं जातं ते लग्नात, म्हणून लग्नाचंच उदाहरण घेतो. डिसेंबरातल्या एका लग्नात मी पुढच्या बाकांपैकी एकावर होतो. वचनं सुरू झाली तेव्हा वेदीच्या पायऱ्यांवर पाळक आणि वधूवरांच्या जोडीला तीन कॅमेरेवाले होते. एकाचा गुडघा प्रभुभोजनाच्या मेजाला टेकला होता, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस जिथून वाटतात त्या मेजाला. लाइटची वायर मेजाच्या पायाला चिकटपट्टीने बांधलेली होती. अंगठी घालून झाली आणि त्यांच्यातला एक जण म्हणाला, "पाळकसाहेब, परत एकदा घ्या ना, हात मध्ये आला." पाळकांनी परत घेतलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने उच्चारलेलं वाक्य कॅमेऱ्यासाठी दुसऱ्यांदा उच्चारलं गेलं. मंडळीत कोणी हूं की चूं केलं नाही. बाहेर मांडवात मात्र नवरीच्या मैत्रिणीच्या ब्लाउजची पाठ किती उघडी होती यावर वडीलधाऱ्या माणसांची चर्चा चालली होती.

दहा आज्ञांमध्ये ब्लाउजबद्दल काही नाही. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही मात्र त्यातली एक आहे, आणि ती आमच्या डोळ्यांदेखत, वेदीसमोर, अभिषिक्त माणसाच्या तोंडून मोडली गेली. त्यात मी त्या कॅमेरेवाल्याला दोष देणार नाही. तो पैसे घेऊन काम करत होता, बहुधा ख्रिस्तीही नव्हता, आणि ते मेज काय आहे हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने पायातले बूटसुद्धा बाहेर काढून ठेवले असते. मुंबईत वाढलेल्या माणसाला पवित्र जागेत कसं वागायचं हे शिकवावं लागत नाही. ही जागा पवित्र आहे, एवढं कळलं की पुरतं. आमच्या वागण्यातून त्याला ते कळलं नाही.

या विषयावर विचार करताना मला जुन्या करारातला शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा सहावा अध्याय पुन्हापुन्हा आठवतो. दावीद राजा कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, यरुशलेमला आणायला निघतो. कोश नव्या गाडीवर ठेवतात, पुढे बैल, मागे वाजतगाजत लोक. वाटेत बैल अडखळतात, कोश कलंडतो की काय म्हणून गाडी हाकणारा उज्जा हात लावतो आणि जागच्या जागी मरतो. लहानपणी शब्बाथशाळेत ही गोष्ट ऐकली तेव्हा ती क्रूर वाटली होती. सावरायला गेलेल्या माणसाला एवढी शिक्षा का? त्याचं उत्तर त्या अध्यायात सरळ मिळत नाही, इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात पंधराव्या अध्यायात मिळतं. कोश गाडीवर ठेवायचाच नव्हता. तो लेव्यांनी, म्हणजे पवित्र सेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशातल्या लोकांनी, दांड्यांना धरून खांद्यावर वाहायचा, असं मोशेच्या काळापासून ठरलेलं होतं. गाडीची कल्पना शत्रूंची, पलिष्ट्यांची. त्यांनी पळवून नेलेला कोश परत पाठवताना तो नव्या गाडीवरच घालून पाठवला होता. दाविदाच्या माणसांना ती सोय आवडली. खांदे दुखत नाहीत, वेळ वाचतो, गाडी नवी कोरी म्हणजे मानही राखल्यासारखा दिसतो.

तीन महिन्यांनी कोश पुन्हा निघतो तेव्हा तो खांद्यावर असतो. वाहणारे सहा पावलं चालतात, थांबतात, अर्पण होतं. आणि मग दावीद एफोद, म्हणजे याजकाचं तागाचं वस्त्र, घालून सर्व बळानिशी नाचतो. त्याची बायको मीखल खिडकीतून बघते आणि तिला ते राजाला न शोभणारं वाटतं. पवित्र शास्त्र तिची बाजू घेत नाही.

एकाच अध्यायात धाक आणि नाच दोन्ही आहेत, आणि ते एकमेकांच्या विरोधात नाहीत. म्हणून 'शांत उपासना आदराची आणि टाळ्यांची उपासना उथळ' हा आपल्याकडचा नेहमीचा वाद मला पटत नाही. अंधेरी, मालाड, नवी मुंबईतल्या हॉलमध्ये तरुण मुलं ड्रम, कीबोर्ड लावून तास तास उभी राहून गातात, घामाने भिजतात. त्यांच्या गाण्यात मला आदर दिसतो. त्याच हॉलमध्ये धुराचं यंत्र आणि रंगीत दिवे लावून गाणाऱ्याच्या चेहऱ्यावरच झोत सोडला जातो तेव्हा तो आदर दिसेनासा होतो, कारण आता सगळे त्या चेहऱ्याकडे बघत असतात. आवाज किती मोठा, हा प्रश्न गौण आहे. खांद्यावर काही घेतलंय की गाडीवर टाकलंय, हे बघायला हवं.

या कसोटीवर जुनी, प्रतिष्ठित, शांत चर्चसुद्धा सुटत नाहीत. आमच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचणारा तो उतारा आदल्या रात्री वाचून आलेला नसतो. यहेज्केल, हबक्कूक ही नावं अडखळत येतात आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. उपदेश कधीकधी शनिवारी रात्री मोबाइलवर आलेल्या मजकुरातून उतरतो. जाहिराती, म्हणजे मंडळीच्या सूचना, वीस मिनिटं चालतात. पापांगीकारानंतर जी शांतता ठेवायची असते ती पाच सेकंदांत संपते, कारण पुढे त्याच चर्चमध्ये तमिळ मंडळीच्या उपासनेची वेळ लागलेली असते. मलाखीच्या पहिल्या अध्यायात संदेष्टा विचारतो, आंधळं आणि लंगडं जनावर देवाला वाहता, तेच तुमच्या सुभेदाराला नजर करून बघा, तो प्रसन्न होईल का? तयारीविना केलेलं वाचन हे तेच लंगडं जनावर आहे.

२०२० च्या मार्चमध्ये चर्च बंद झाली तेव्हा मोबाइलवरून उपासना सुरू झाल्या. अंथरुणाला खिळलेल्यांना, रात्रपाळीच्या परिचारिकांना, वसई-विरारहून दर रविवारी येणं न झेपणाऱ्या म्हाताऱ्यांना त्याचा मोठा आधार झाला, आणि त्यांच्यासाठी ते प्रक्षेपण चालूच राहायला हवं. मी बोलतोय ते धडधाकट माणसांबद्दल, जी अजूनही सोफ्यावर चहा घेत उपासना 'बघतात', मध्येच भाजीवाल्याशी बोलतात आणि लांबलेला उपदेश पुढे सरकवतात. गेलो, बसलो, थांबलो, दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळला, यात देहाला जो त्रास होतो तो आदराचाच भाग आहे. रविवारी मध्य आणि हार्बरवर मेगाब्लॉक असतो. कल्याणहून भायखळ्याला येणारं कुटुंब लहान मुलाला कडेवर घेऊन गर्दीतून दीड तासाने पोचतं, तोवर पहिली दोन गीतं झालेली असतात. त्यांच्याकडे वळून कपाळाला आठ्या घालणाऱ्याने स्वतःला विचारावं, आज देवासाठी कोणी जास्त वाहून आणलं?

आता देहाबद्दल. आपण मराठी माणसं देहाने आदर दाखवण्यात कधी कमी पडलो नाही. मोठ्यांच्या पाया पडतो, पुस्तकाला पाय लागला तर हात लावून कपाळाला लावतो, ताटाला नमस्कार करून जेवायला बसतो. आणि रविवारी चर्चमध्ये शिरलो की हे सगळं अंगावेगळं करतो आणि बाकावर पायावर पाय टाकून बसतो. कोणी विचारलं तर म्हणतो, ख्रिस्ती पद्धत अशीच आहे. पण ती तशी नाही. पहिली हजारभर वर्षं चर्चमध्ये सगळ्यांसाठी बाक नव्हतेच. लोक उभे राहत, थकले की भिंतीला टेकत, खाली बसत. बाक सर्वत्र पसरले ते युरोपातल्या धर्मसुधारणेनंतर, लांब उपदेश ऐकायचे म्हणून. गुडघे टेकणं हीच एकमेव खरी पद्धत, असंही नाही. ३२५ च्या नायसिया परिषदेने तर रविवारी गुडघे न टेकता उभं राहूनच प्रार्थना करावी असं ठरवलं, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. प्रत्येक काळात, प्रत्येक देशात मंडळीने आपल्या देहाची भाषा शोधली. आपल्याला ती शोधायचीही गरज नाही, ती आपल्याकडे आहेच.

बुधवारी माहीमच्या सेंट मायकेल चर्चला जाऊन बघा. १९४८ पासून तिथे दर बुधवारी नोव्हेना, म्हणजे मरियामातेची प्रार्थना, होते आणि रांगेत ख्रिस्ती किती, हिंदू किती हे सांगता येत नाही. मी जिथे उभा होतो तिथे माझ्यापुढे साठीची एक बाई होती, हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू, हातात मेणाचा छोटा पाय. घरात कोणाचा तरी पाय दुखत असणार. चपला तिने बाहेरच काढल्या होत्या, कोणी सांगितलेलं नसताना. उंबऱ्याला हात लावून तो डोळ्यांना लावला. आत चित्रासमोर आली तेव्हा तिने काही मागितलंही नसावं इतका थोडा वेळ ती थांबली, दोन्ही हात जोडून, मान खाली. मग मागच्यासाठी जागा करून बाजूला झाली. तिच्या मागे मोबाइलवर बोलत उभा असलेला माणूस गळ्यात क्रूस घातलेला होता.

आता हे ऐका. २५ एप्रिल १९६९ ला रोमहून भारतातल्या कॅथलिक बिशपांना एक पत्र आलं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने उपासनेला स्थानिक रूप द्यायची वाट मोकळी केली होती, त्यानुसार भारतासाठी बारा बदलांना त्या पत्राने परवानगी दिली. जमिनीवर बसून मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, करावी, पादत्राणं काढावीत, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल वाकावं, पंचांग प्रणाम करावा, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा लावावा, आरती करावी. पवित्र वस्तूचं चुंबन घेण्याऐवजी तिला हाताने स्पर्श करून तो हात डोळ्यांना किंवा कपाळाला लावावा, हेही त्यात आहे. माहीमची ती बाई त्या पत्रातलीच कृती करत होती. तिला पत्राची माहिती असण्याचं कारण नाही. ज्यांच्यासाठी पत्र आलं त्यांनी मात्र बहुतेक ठिकाणी ते फायलीत ठेवलं.

त्याआधी पाचच वर्षं, १९६४ च्या डिसेंबरात, पोप सहावे पॉल युखॅरिस्टिक काँग्रेससाठी, म्हणजे कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी, मुंबईत आले होते. इतर धर्मांच्या प्रतिनिधींशी बोलताना त्यांनी 'असतो मा सद्गमय' ही उपनिषदातली प्रार्थना उद्धृत केली. ज्या शहरात हे घडलं त्या शहरातल्या चर्चमध्ये आजही चपला काढायच्या म्हटलं तर निम्मे लोक बुचकळ्यात पडतील.

आम्हा प्रोटेस्टंटांना रोमच्या पत्राची गरजच नव्हती. आमच्याकडे नारायण वामन टिळक होते. १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांनी ख्रिस्ती कीर्तन केलं, अभंग लिहिले, भजनं लिहिली. त्यांच्याही आधी, १६१६ मध्ये, थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघाच्या कॅथलिक धर्मगुरूने गोमंतकात ख्रिस्ताची कथा ओवीत रचून छापली होती. टिळकांची गीतं आम्ही अजून गातो, पण बाकावर बसून, पुस्तक हातात धरून, पियानोच्या मापात. टाळ घेऊन, जमिनीवर मांडी घालून, एकेक ओळ घोळवत म्हणायची ती रचना आहे. नगरकडच्या खेड्यांत आजही भजनाला लोक रात्र रात्र बसतात. मुंबईत पोचेपर्यंत तीच भजनं तीन कडव्यांत आटोपतात.

इथे एक आक्षेप येतो, आणि मी त्याला सगळ्यात जास्त मान देतो. आमच्यापैकी पुष्कळांचे आजेपणजे महार आणि मांग समाजातून, नगर-जालन्याकडून आलेले. गावात पाटलाच्या वाड्यावरून जाताना त्यांना वाहाणा हातात घ्याव्या लागत. देवळाची पायरी त्यांना बंद होती. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा बूट घातले आणि ते घालून, सगळ्यांच्या बरोबरीने बाकावर बसले. माझे आजोबा गिरणीत होते. शनिवारी रात्री चाळीच्या गॅलरीत बसून ते बुटांना पॉलिश करत, आधी फडक्याने, मग ब्रशने, मग पुन्हा फडक्याने, टोकावर दिवा दिसेपर्यंत. आठवडाभर तेच बूट खाटेखाली असायचे. उपासनेची त्यांची तयारी तिथून सुरू व्हायची. त्या माणसाला दाराशी बूट काढायला सांगणं म्हणजे पुन्हा पाटलाच्या वाड्यासमोर उभं करणं झालं असतं.

आणि आक्षेप एवढ्यावर थांबत नाही. 'भारतीय पद्धतीची उपासना' म्हणून जे आणलं गेलं ते बरंचसं संस्कृत श्लोक, भगवी वस्त्रं आणि आश्रमांतून आलेलं होतं. ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मल यांनी १९८० च्या दशकात दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी करताना हेच सुनावलं, की भारतीय ख्रिस्ती विचाराने ब्राह्मणी परंपरेशी संवाद केला आणि मंडळीतल्या बहुसंख्यांचा अनुभव बाजूला ठेवला. ज्यांना वेद ऐकायची बंदी होती त्यांच्या नातवंडांना वेदमंत्राच्या चालीत प्रभूची प्रार्थना म्हणायला लावणं, यात आदर कोणाचा आणि अपमान कोणाचा?

हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तरी चपला काढण्याच्या बाजूचाच मी आहे. कारण अपमान चपला काढण्यात नव्हता. एकाने काढायच्या आणि दुसऱ्याने घालून बसायचं, यात होता. निर्गम पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात जळत्या झुडपासमोर मोशेला पायातले जोडे काढायला सांगितलं जातं तेव्हा तिथे जोडे घालून उभा असलेला कोणी फारो, मिसरचा राजा, नाही. एक देव आहे आणि एक मेंढपाळ. बिशपांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे अनवाणी असतील तर त्या अनवाणी असण्याला पाटलाचा वाडा चिकटत नाही. बिशपांनी आधी काढावेत, पाळकांनी मग, मंडळीच्या सेक्रेटरीने त्यानंतर, आणि बाकीच्यांना कोणी सांगू नये. ज्या घरात आजोबांचे बूट ही सन्मानाची खूण आहे त्या घराने ते घालूनच यावं. माझे आजोबा आज असते तर मी त्यांना बूट काढा म्हटलं नसतं. त्यांच्या शेजारी अनवाणी बसलो असतो.

रूपांची निवडही वरून नको, खालून हवी. संस्कृत मंत्र कोणाच्या आठवणीत अपमान जागा करत असतील तर ते नकोत. टाळ, ओवी, भजनाची बैठक, हात लावून डोळ्यांना लावणं, ही कोणा एका जातीची मालकी नाही. बांद्रा-गिरगावच्या गावठाणांत ईस्ट इंडियन लोक, म्हणजे मुंबईचे मूळचे कॅथलिक, १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेल्या क्रूसांपाशी अजून संध्याकाळी दिवा लावतात, जपमाळ म्हणतात, आपल्या बोलीत गातात. ते त्यांना कुठल्या समितीने शिकवलं नाही.

मी आदर आदर म्हणतोय त्यात एक धोका आहे, तोही सांगायला हवा. फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल १७१८ च्या नाताळात उघडलं. चर्चगेट स्टेशनला ज्या वेशीचं नाव मिळालं ती या चर्चकडे जाणारी वेस. कंपनीच्या काळात तिथे बसायच्या जागा हुद्द्याप्रमाणे लावलेल्या होत्या. उपासना अत्यंत शिस्तीची, गायन उत्तम, कपडे निर्दोष, आणि नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय त्याच भिंतीत वाचला जात असणार. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यांतल्याला 'तिथे उभा राहा' म्हणालात तर तुम्ही भेदभाव केलात, असं तो अध्याय सांगतो. बाहेरून बघितलं तर त्या उपासनेत आदराची काही उणीव नव्हती.

आज हुद्द्याचे बाक नाहीत. पण निवडणुकीच्या दिवसांत नगरसेवक किंवा आमदार उपासनेच्या मध्येच येतात, पाळक उपदेश आवरता घेतात, वेदीसमोर शाल-श्रीफळ होतं, दोन शब्द होतात, फोटो होतात, साहेब पुढच्या चर्चला जातात. मंडळीला जागेचा कर, कब्रस्तानाची जागा, पाण्याचं कनेक्शन अशी कामं असतात. मला ती अडचण कळते. साहेबांचं स्वागत उपासना संपल्यावर हॉलमध्ये करावं, चहा द्यावा, निवेदन द्यावं. पण उपासना चालू असताना ज्याच्यासाठी सगळे उभे राहतात असा एकच असला पाहिजे. कब्रस्तानाची जागा मिळवण्यासाठी आपण ही गोष्ट विकत असू तर बिनबाह्यांच्या कपड्यांवर बोलायचा अधिकार आपण गमावलेला आहे.

चौथ्या शतकातल्या योहान ख्रिसोस्तोमने मत्तयाच्या शुभवर्तमानावर प्रवचन करताना सांगितलं, की मंदिरात ख्रिस्ताच्या देहाला रेशमाने सजवायचं आणि बाहेर थंडीत उघड्या पडलेल्या ख्रिस्ताकडे दुर्लक्ष करायचं, असं करू नका. या वाक्याचा वापर काही लोक उपासनेतला आदर मोडीत काढायला करतात, गरिबांची सेवा केली की झालं, गुडघे टेकून काय होणार? ख्रिसोस्तोम असं म्हणाला नाही. तो उपासनेचा मोठा माणूस होता, त्याच्या नावाची उपासनापद्धती पूर्वेकडची चर्च आजही वापरतात. एकाच ख्रिस्तापुढे दोन ठिकाणी वाकायचं आहे, एवढंच तो सांगत होता. आणि मला वाटतं, आत वाकायला शिकलेला माणूस बाहेर वाकताना कमी अवघडतो. चर्चच्या फाटकाबाहेर बसलेल्या बाईच्या वाटीत नाणं वरून टाकणारा हात आणि खाली वाकून ठेवणारा हात यांत फरक आहे, आणि तो फरक आत पडतो.

तरुण निघून जातील, ही भीती प्रत्येक सभेत ऐकू येते. इतकं गंभीर केलं तर मुलं यायची नाहीत. माझा अनुभव उलटा आहे. आठवडाभर दर दोन मिनिटांनी कोणीतरी लक्ष मागत असलेल्या मुलांना चर्चमध्येही तेच मिळालं तर ती का येतील? आमच्याकडे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तीन तासांची उपासना असते, ख्रिस्ताने क्रूसावरून उच्चारलेली सात वचनं, मध्ये लांब शांतता. वर्षातली सगळ्यात लांब, सगळ्यात साधी उपासना तीच, आणि वर्षात सगळ्यात जास्त तरुण त्याच दिवशी शेवटपर्यंत बसलेले असतात. कोणी मोबाइल काढत नाही. त्यांना तसं कोणी सांगितलेलं नसतं.

आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेत मी हे विषय मांडणार आहे. लग्नात कॅमेरा पहिल्या बाकाच्या पुढे जाणार नाही, हे पाळकांनी विवाहपूर्व भेटीतच दोन्ही घरांना आणि कॅमेरेवाल्याला समजावून सांगावं, ते मेज काय आहे हेही सांगावं. वचनं एकदाच घेतली जातील. शास्त्रपाठाचा उतारा वाचणाऱ्याला बुधवारपर्यंत मिळावा. कपड्यांचा फलक काढून टाकावा आणि तो विषय घराघरांतल्या आया-मुलींच्या समजुतीवर सोडावा. प्रभुभोजनाच्या रविवारी पाळक आणि वडीलमंडळी वेदीपाशी अनवाणी जातील, बाकीच्यांनी आपापलं ठरवावं. महिन्यातून एकदा बाक मागे सारून सतरंजी घालावी आणि टिळकांची भजनं पेटी-टाळांवर, पूर्ण कडव्यांनिशी म्हणावीत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या ठेवाव्यात.

जाहिराती छापून दारात वाटल्या तर पंधरा मिनिटं वाचतात. ती पापांगीकाराच्या आणि प्रभुभोजनाच्या आधीच्या शांततेला द्यावीत. तरीही वेळ पुरणार नाही, म्हणून तमिळ मंडळीच्या पाळकांशी बोलून दोन उपासनांमध्ये आणखी दहा मिनिटं मागावीत आणि बदल्यात आपली उपासना साडेनऊऐवजी सव्वानऊला सुरू करावी. कल्याण-अंबरनाथच्या लोकांना ते जड जाईल हे मला माहीत आहे. मेगाब्लॉकच्या रविवारी पहिलं गीत थोडं लांबवून ठेवता येईल, आणि स्टेशनवरून चालत येणाऱ्यांसाठी दाराजवळचे दोन बाक रिकामे राखता येतील.